पान पूर्ण वाढेपर्यंत

मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. शेजाऱ्याचं दूध नासलं, तरी आदल्या संध्याकाळी आपण त्याच्या दारावरून गेलो होतो हे मला आठवतं. आईला मिरजेत ठेवून मद्रासला नोकरीला आलो, ते ओझं तर आहेच, आणि ते असावंही. पण आज ज्या जेवणाबद्दल लिहायला बसलो आहे, त्या जेवणात वाढलेल्या बश्या एकामागून एक न शिवता परत जात होत्या आणि प्रत्येक बशीबरोबर माझा जीव थोडा थोडा खाली जात होता. तरीही त्या दिवसाइतका आनंदाचा दिवस माझ्या वाट्याला दुसरा आला नाही. बायको म्हणते, असं लिहू नका, लोकांना वाटेल लग्नाचा दिवस वाईट गेला. तोही चांगलाच गेला. पण तो ठरला या दिवशी.

साठ सालानंतरची गोष्ट. मी मद्रासच्या बंदरासमोर एका जहाज एजंटाच्या कचेरीत कारकून होतो. बोट धक्क्याला लागली की तिचं गोडं पाणी, भाजीपाला, कस्टमचे कागद, दात दुखणारा खलाशी, सगळं आमच्या गळ्यात. राहायला तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनमध्ये होतो. मॅन्शन म्हणजे नावालाच. खोल्याखोल्यांतून माझ्यासारखे सडे लोक, दोरीवर धोतरं-विजारी, आणि सकाळी नळापाशी भांडण. गल्ली संपली की समुद्र. तेवढं एक सुख होतं.

आमच्याकडे यायच्या त्या बहुतेक मालवाहू बोटी. क्वचित पिनांग-सिंगापूरकडे जाणारी प्रवासी बोट. त्या वर्षी मात्र एक वेगळीच बोट येणार म्हणून तार आली, आणि कचेरीत चर्चा सुरू झाली.

"हे लोक जाताहेत कुठे?" आमच्या वृद्ध कॅशियरने विचारलं.

"कुठेच नाही. फिरून परत आपल्या घरी."

"मग निघाले कशाला?"

साहेबांनी सांगितलं ते असं, की ही बोट एरवी हिवाळ्यात वेस्ट इंडीजच्या बेटांमधून हिंडते. रोज एक बेट. सकाळी उतरायचं, बाजार बघायचा, वाळूत लोळायचं, संध्याकाळी बोटीवर परत, आणि मधल्या सगळ्या वेळात जेवायचं. यंदा ती जगाच्या आमच्या बाजूला आली होती आणि मद्रासला एक दिवस थांबणार होती. कामाच्या मोबदल्यात एजंटाच्या माणसांना त्या दिवशी दुपारचं जेवण बोटीवर, कुटुंबासह.

"तुझं कुटुंब कोण?" साहेबांनी मला विचारलं. ते अँग्लो-इंडियन होते, पोट सुटलेले, मनाचे मोकळे.

"नाही, सर."

"मग होणारं आण. का अजून 'बघू' चाललंय?"

सगळ्या कचेरीला माहीत होतं, त्यामुळे लाजण्यात अर्थ नव्हता. एग्मोरला स्टेशनच्या मागच्या रस्त्यावर एक कुटुंब राहत होतं. मूळचे तंजावरचे; पिढ्यान्‌पिढ्या तिकडचे मराठी. मुलीचे वडील एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. मुलगी प्राथमिक शाळेत शिकवत होती. मराठी मंडळींच्या गणपतीत कोणीतरी ओळख करून दिली आणि मी मुलगी बघायला म्हणून त्यांच्याकडे गेलो. त्यांचं मराठी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखं, चाल मात्र अगदी तमिळ. वाक्याच्या शेवटी आवाज वर जायचा आणि मध्येच 'अय्यो' पडायचं. मला ते ऐकत राहावंसं वाटलं. त्यांना माझं मराठी रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटलं, असं पुढे कळलं.

त्या भेटीत मी एक घोटाळा केला. पितळी पेल्यातून कापी, म्हणजे कॉफी, आली. मी मिरजेच्या माणसाप्रमाणे पेला ओठांना लावला आणि प्यालो. त्या घरात, आणि तिकडच्या बहुतेक घरांत, पेल्याला तोंड लावत नाहीत. वरून धार धरायची. मुलीच्या आईने माझा पेला दोन बोटांत धरून मागे नेला आणि तो परत परत घासल्याचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. मुलगी सबंध वेळ मान खाली घालून बसली होती. तिच्याकडून एकच शब्द मिळाला. मी विचारलं, "शाळा लांब आहे का?" ती म्हणाली, "नाहीं."

वडिलांनी निरोप देताना सांगितलं, "बघूं."

त्यानंतर महिने गेले. मी अधूनमधून त्यांच्याकडे जात होतो, धार धरून कापी प्यायला शिकलो होतो, एकदा शर्टभर सांडलीही होती. 'बघूं' काही हलत नव्हतं. नकारही नव्हता. मला ती मुलगी फार आवडली होती, एका शब्दावर आवडली होती, आणि तिला काय वाटतं याचा काडीचा पत्ता नव्हता. खोलीतले जोडीदार म्हणायचे, "अरे, विचार ना स्पष्ट." मी विचारलं नाही. विचारलं आणि नाही म्हणाले तर, एवढाच प्रश्न होता.

म्हणून बोटीचं आमंत्रण मी भीत भीतच सांगितलं. वाटलं, समुद्रातलं जेवण म्हटल्यावर उठून उभे राहतील. पण वडिलांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मुलगा जेथें अन्न मिळवितो, तें ठिकाण बघावें. येऊं."

"अय्यो, तेथें काय काय शिजवितील!" आई आतून म्हणाल्या.

"शाकाहारी सांगतो मी. नीट सांगतो."

"सांगा हो, सांगा. मीही आपला दहीभात डब्यांत घेतें."

बोट आली त्या सकाळी मी उजाडायच्या आधीपासून धक्क्यावर होतो. पांढरीशुभ्र बोट, मालाच्या क्रेनांमध्ये उभी, चुकून आलेल्या पाहुणीसारखी. शिडी लागली आणि गवती टोप्या घातलेली माणसं उतरू लागली. धक्क्याच्या फाटकाबाहेर गारुडी, शंखशिंपलेवाले, चंदनाचे हत्ती विकणारे रांगेने बसले होते. एक बस महाबलीपुरमला, एक मैलापूरच्या देवळाकडे, बाकीच्यांना टॅक्सी. मी माणसं मोजून चढवत होतो आणि चुकेल म्हणून परत मोजत होतो. एक म्हातारी बाई माझ्यापाशी थांबली. तिच्या गळ्यात आदल्या कुठल्या तरी बंदरातली माळ होती.

"या बेटाचं नाव काय म्हणालात?" तिने इंग्रजीत विचारलं.

"मद्रास, मॅडम."

"फार सुंदर बेट आहे," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली. तिला दुरुस्त करायचं राहून गेलं. ती आपल्या घरी जाऊन काय सांगेल या विचाराने मी पुढे कितीतरी दिवस बेचैन होतो.

मग मी वर जाऊन जेवणघर गाठलं. आमच्या टेबलाचा वाढपी गोव्याचा निघाला, मध्यम वयाचा, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कोटातला. माझं मराठी त्याला कळत होतं, त्याची कोंकणी मला.

"मांस नाही, मासळी नाही, अंडं नाही," मी म्हटलं.

"कांदो?"

"कांदा चालतो. चातुर्मासात नाही."

"आतां चातुर्मास?" त्याच्या चेहऱ्यावर काळजी.

"नाही, नाही."

"देव बरें करूं," तो म्हणाला, मोठं संकट टळल्यासारखा. मग त्याने सांगितलं की आज दुपारी वेस्ट इंडीजच्या तऱ्हेचं जेवण आहे, बोटीच्या आचाऱ्याची ती खासियत. भात आहे, राजम्यासारखे दाणे आहेत, नारळ आहे. भाताला चरबी लावत नाहीत ना, हे मी तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी तो मला आत भटारखान्यात घेऊन गेला आणि पातेलंच दाखवलं. माझं समाधान झालं. पूर्ण झालं असं नाही. माझं पूर्ण समाधान कधी होत नाही.

पाहुणे टॅक्सीने आले. वडील पांढरं धोतर, काळा कोट, खांद्यावर घडीची शाल, कपाळावर गंध. आई नऊवारीत, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, हातात दहीभाताचा डबा. मुलगी हिरव्या रेशमी पातळात, वेणीत मोगरा. तिने वर बोटीकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. शिडी चढताना आई कठडा धरून थांबल्या.

"हें हालतें कां हो?"

"थोडंसं. बांधलेली आहे बोट."

"बांधलेली गाय लाथ मारीत नाहीं कां?" म्हणत त्या चढल्या.

जेवणघराच्या दारात गालिचा होता. आईंनी तिथे चपला काढल्या. वडिलांनी पंपशू काढले. मुलीने काढल्या. जेवायच्या जागी पायताण घालून जायचं, ही कल्पनाच त्यांना शिवली नाही. आतले सगळे गोरे लोक बूट घालून बसलेले मला दिसत होते. मी क्षणभर थांबलो आणि बुटांच्या नाड्या सोडल्या. आम्ही चौघं अनवाणी आत गेलो. गोवेकर वाढप्याने आमच्या चपला भिंतीला लावून ठेवल्या.

गोल टेबल, शुभ्र कापड, रुमालांची कमळं, आणि प्रत्येकापुढे काटे-सुऱ्या-चमच्यांची रांग. आईंनी ती डोळ्यांनी मोजली.

"इतकें सगळें घासायचें कोणी?" त्यांनी मला विचारलं.

"बोटीवर माणसं असतात."

"बिचारीं," त्या म्हणाल्या आणि एकाही वस्तूला हात न लावता बसल्या.

इथून पुढे जे झालं ते समजायला आमची जेवायची रीत ठाऊक हवी. वाचकांपैकी बहुतेकांना ती ठाऊक असेलच, पण घाईच्या जेवणांत ती आता मागे पडत चालली आहे. पंगतीत पान वाढतात ते सगळं वाढतात. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाज्या, मग भात, भातावर वरण, आणि शेवटी तुपाची धार. तूप पडल्याशिवाय पान शुद्ध होत नाही, पूर्ण होत नाही. आणि पान पूर्ण झालं तरी कोणी घास उचलत नाही. यजमान समोर येतो, हात जोडतो, म्हणतो, "सावकाश होऊ द्या." मग पंगत सुरू होते. मिरजेत हेच, तंजावरातही हेच. मधल्या शेकडो मैलांत भाषा बदलली, भाजी बदलली, पण ही रीत दोन्हीकडे तीच राहिली होती. आणि आम्ही चौघं तिच्यातच लहानाचे मोठे झालो होतो.

आधी टोमॅटोचं सूप आलं. लाल, वर पांढऱ्या मलईचं वेटोळं. चौघांपुढे ठेवलं गेलं. वडिलांनी बशीकडे प्रसन्नपणे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. त्यांच्या हिशेबाने हे चटणीसारखं काहीतरी होतं; बाकीचं अजून यायचं होतं. आई बसल्या. मुलगी बसली. वडीलधारी माणसं हात लावत नाहीत तोवर मी कसा लावणार? मीही बसलो. मला वाटलं, सूप त्यांना पसंत पडलेलं नाही. त्या लाल रंगाचाच संशय आला असेल. मनातल्या मनात मी स्वतःला चार शिव्या घातल्या.

वाढपी आला. वाकून म्हणाला, "मे आय, सर?"

वडिलांना वाटलं, पुढचं वाढू का म्हणून विचारतो आहे. "प्लीज, प्लीज," ते म्हणाले, आणि सूप गेलं.

मग अननसाची अर्धी फोड आली, मध्ये कोरलेली, तिच्यात फळांचे तुकडे, वर लाल चेरी. आईंना ती आवडली. "केवढी शोभा केली आहे," त्या म्हणाल्या. शोभा बघत आम्ही बसलो. शेजारच्या टेबलांवर चमचे वाजत होते. साहेब आणि त्यांची बायको माना खाली घालून खात होते. कोपऱ्यात काही वादक पिपांसारख्या भांड्यांवर काठ्या मारून फार गोड काहीतरी वाजवत होते.

"मे आय, सर?"

"प्लीज."

अननस गेलं. मुलीची नजर त्याच्यामागे दारापर्यंत गेल्याचं मी पाहिलं.

मग काकडी, ओलं खोबरं, लिंबू असं काहीतरी आलं. वडील हळूच म्हणाले, "कोशिंबीर. आतां पान भरूं लागलें." त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. मला मात्र दिसत होतं ते एवढंच, की माझ्या पाहुण्यांनी आतापर्यंत एका कणाला स्पर्श केलेला नाही. घरी जाऊन हे 'बघूं' म्हणणार नाहीत, 'बघितलें' म्हणणार, असं मला वाटू लागलं. कोशिंबीर गेली, तेव्हा तर वाढप्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी डोळे वळवले.

"हे लोक वाढतात आणि काढून नेतात," आई म्हणाल्या. "नैवेद्यासारखें."

"देवासारखे बसलों आहों, म्हणून," वडील म्हणाले, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात मी प्रथमच हसू पाहिलं.

आणि मग भात आला.

चांदीच्या झाकणाच्या भांड्यातून, वाफाळता, नारळाच्या दुधात शिजवलेला, मध्ये लालसर राजम्याचे दाणे, बाजूला तळलेल्या केळ्याचे काप. वास आला तसे वडील ताठ बसले. "हा आपला नारळभात! कडधान्य घालून." आईंनी वाकून वास घेतला. "मिरी आहे. तिकडच्या बेटांवर कोणी आपल्यापैकी राहतात काय?" एवढ्या लांबून, जगाला वळसा घालून त्या बोटीने मद्रासच्या माणसांपुढे नारळ, केळं आणि भात आणून ठेवला होता.

वडिलांनी टेबलावर नजर फिरवली. मग वाढप्याला म्हणाले, "घी?"

वाढपी मला म्हणाला, "तूप ना. लोणी आसा."

"लोणी कढविलें कीं तूपच," वडिलांनी निकाल दिला. "आणा."

लोण्याच्या छोट्या वड्या आल्या. वडिलांनी स्वतः चौघांच्या भातावर एकेक ठेवली. गरम भातावर ती वितळून खाली उतरली. पान पूर्ण झालं. सगळं जागच्या जागी होतं. आणि कोणी हात उचलला नाही.

माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते प्रामाणिकपणे सांगतो. वडील घास घेतील, मग आई, मग मुलगी, मग मी. वडिलांच्या डोक्यात काय चाललं होतं, ते मला जरा उशिरा कळलं. त्यांना या टेबलाचा यजमान मी वाटत होतो. आमंत्रण मी दिलं होतं. 'सावकाश होऊ द्या' मी म्हणायचं होतं. मला मात्र मी यजमान आहे हे स्वप्नातही आलं नव्हतं. मी कारकून, बोट बोटीवाल्यांची, भात त्यांचा. ते माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे बघत होतो, आणि लोणी थिजायला लागलं होतं.

वाढपी परत येऊन उभा राहिला. त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. तेवढ्यात साहेब उठून आमच्या टेबलापाशी आले, हातात रुमाल तसाच.

"काय झालं? आज सगळ्यांचा उपास आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"छे, छे," वडील अदबीने म्हणाले. "आम्ही वाट पाहत आहोत."

"कोणाची?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी वडिलांकडे. आईंनी दोघांकडे. साहेब एकेकाचं तोंड बघत राहिले. मला कळलं, त्या क्षणी कळलं. पण आता मी ते शब्द उच्चारले तर ते उशिरा आल्याची कबुली ठरणार होती, आणि मी कशी कबुली द्यावी हे ठरवत होतो.

तेव्हा ती हसली. मान वर करून, मोकळेपणाने. आणि हात जोडून, आईकडे नाही, वडिलांकडे बघत, स्वच्छ आवाजात म्हणाली,

"सावकाश होऊं द्या."

हे यजमानाने म्हणायचं असतं. तो नसेल, किंवा तो माझ्यासारखा मुखदुर्बळ असेल, तर त्याच्या घरच्या बाईने. पाहुण्याच्या मुलीने कधी म्हणायचं नसतं. टेबलाभोवतीच्या चौघांनाही हे ठाऊक होतं. साहेबांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं प्रार्थना झाली, म्हणून ते 'आमेन' म्हणून आपल्या जागी गेले.

आईंनी डोळे मोठे केले. वडील एक क्षणभर मुलीकडे बघत राहिले. मग त्यांनी उजव्या हाताच्या तळव्यात पाणी घेतलं, बशीभोवती ते फिरवलं, बाजूला भाताची चार शितं काढून ठेवली. शुभ्र कापडावर ओला गोल उमटला. आणि त्यांनी पहिला घास घेतला, हातानेच.

मी जेवलो ते मला आठवत नाही. भात दोनदा घेतला म्हणे. आइस्क्रीम मी तीन वेळा घेतलं, हे मात्र आठवतं, कारण वाढप्याने तिसऱ्या वेळी न विचारताच आणून ठेवलं आणि म्हणाला, "घे रे, बाब."

दाराशी आलो तर आमच्या चपला, पंपशू आणि माझे बूट जोडीने मांडलेले, टोकं बाहेरच्या बाजूला, जाणाऱ्याच्या सोयीने. वडील कठडा धरून शिडी उतरले. खाली आल्यावर म्हणाले, "पोर म्हणते, जहाज सुटतांना बघायचें. आम्ही मरीनावर बसूं. तुमचें काम झालें कीं या. बोलूं."

त्या दुपारचं माझं काम कसं झालं ते देव जाणे. महाबलीपुरमची बस परत आली, मी माणसं मोजली, परत मोजली. 'बोलूं' म्हणजे काय, याचा अर्थ लावत होतो. मुलीने मर्यादा सोडली असं त्यांना वाटलं असेल का? माझ्या मुखदुर्बळपणाने तिला तसं करावं लागलं, तेव्हा दोष माझाच. ती बेटवाली म्हातारी शिडी चढताना माझ्याकडे बघून हात हलवून गेली. मीही हलवला. तिला तरी खरं सांगायला हवं होतं.

दोर सुटले तसा मी निघालो आणि बस न मिळाल्याने जवळजवळ धावतच मरीनावर पोचलो. ऊन उतरलं होतं. दोघं वाळूत बसली होती, वडिलांनी शाल अंथरली होती. मुलगी उभी होती, लाटेजवळ. बोट धक्क्याच्या भिंतीबाहेर येऊन हळूहळू वळत होती.

"बसा," वडील म्हणाले. मी बसलो. ते बोटीकडे बघत राहिले. आई डब्याचं झाकण काढायला लागल्या.

"भूक नाहीं कां?" त्यांनी मला विचारलं. "तेथें तीन पानें गेलीं आमचीं. एका भातावर काय होतें? बस ग, ये."

मुलगी आली. आम्ही चौघं गोल करून बसलो. लहान मुलांना भरवतात तसे आईंनी दहीभाताचे घास केले आणि प्रत्येकाच्या तळव्यावर ठेवू लागल्या. मोहरीची फोडणी, मधोमध लिंबाच्या लोणच्याची फोड. पहिला घास त्यांनी वडिलांच्या हातावर ठेवायला पुढे केला. वडिलांनी हात मागे घेतला.

"जांवयाला आधीं," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आईंनी माझ्या तळव्यावर घास ठेवला. मुलगी समुद्राकडे बघत होती आणि तिचे खांदे हसत होते.

"तेथें यजमान तुम्ही होतां आणि बोललां नाहीं," वडील म्हणाले. "हरकत नाहीं. तुमच्याकडून बोलणारें माणूस मिळालें. येथें यजमान मी." त्यांनी हात जोडले, खरोखरच जोडले, माझ्यासारख्या पोरापुढे. "सावकाश होऊं द्या."

लोणचं झणझणीत होतं. मला ठसका लागला. आईंनी सोबतच्या तांब्यातून पेल्यात पाणी ओतून तो पुढे केला. मी पेला वर उचलला, धार धरायला, आणि ठसक्याने अर्धं पाणी वाळूत सांडलं.

"तोंड लावा, बापा, तोंड लावा," आई म्हणाल्या. "आतां घरचाच पेला."

पुढे कधीतरी मी बायकोला विचारलं, की तुला घोटाळा केव्हा कळला. ती म्हणाली, सूप आलं तेव्हाच.

"मग तेव्हाच का नाही बोललीस? अननस तरी मिळालं असतं."

"टोमॅटोच्या सुपासाठी मी घर बदलणार होतें काय?" ती म्हणाली. "भात येऊं दिला."

त्या संध्याकाळी बोट दिसेनाशी होईपर्यंत आम्ही बसलो होतो. डबा रिकामा झाला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सगळ्यांत जास्त घास माझ्याच हातावर पडले आणि आईंच्या वाट्याला तळचा खरवडलेला भातच आला. मी ते बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "अय्यो, हे असेंच बोलत राहतात कां?"

"हो," मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली. तिने मला उद्देशून उच्चारलेला तो दुसरा शब्द.